सत्काराचा नारळ

१

प्रमुख पाहुणीला कार्यक्रमात दोनच कामं असतात, वेळेवर येणं आणि भाषण लवकर आटोपणं. पहिलं मी केलं. दुसऱ्यापर्यंत गाडी पोचलीच नाही, कारण मी पोचले तेव्हा श्रीफळ चोरीला गेलेलं होतं.

कात्रजच्या अंगाला मुलींचं एक बालगृह आहे. ज्यांना घर नाही, किंवा घर असूनही तिथे ठेवण्यासारखी परिस्थिती नाही, अशा मुली तिथे राहतात. कुठल्या मुलीने कुठे राहायचं हे बाल कल्याण समिती ठरवते, आणि त्या समितीची मी एक सदस्य, तेजस्विनी कांबळे. त्याआधी मी कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक होते. म्हणजे भांडणाऱ्या नवरा-बायकोच्या मधे बसून दोघांचंही खोटं शांतपणे ऐकून घ्यायचं. खोट्याचा मला कंटाळा येत नाही. माणसं खोटं का बोलतात हे शोधायला तर मला मनापासून आवडतं.

"नेमकं काय गेलं?" मी विचारलं.

"शाल आणि श्रीफळ," अधीक्षक रावसाहेब म्हणाले. इस्त्रीचा सफारी, मिशीलाही इस्त्री. "मेहजबीन मॅडमच्या सत्काराचं."

मेहजबीन ही तिथली समुपदेशक. मुलींच्या मनातली भीती, राग, झोपेतलं दचकणं हे सगळं तिच्या वाट्याचं काम. या जागेवरची माणसं कंत्राटावर येत आणि कंत्राट संपलं की जात. मेहजबीनला मात्र कायम केल्याचा आदेश निघाला होता. ही बातमी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते, म्हणजे माझ्या तोंडून जाहीर करायची आणि तोवर कुणी अवाक्षर काढायचं नाही, असा रावसाहेबांचा हुकूम होता. मुलींना आनंदाचा धक्का द्यायचा होता म्हणे.

त्यांच्या ऑफिसातल्या टेबलावर दोन ताटं होती. एक मेहजबीनचं, निळी फीत लावलेलं. ते रिकामं. दुसरं माझं, लाल फितीचं. त्यात शाल आणि श्रीफळ जागच्या जागी. दोन्हींच्या मधे पेढ्यांचा उघडा बॉक्स.

"चोर सापडलाय," रावसाहेब म्हणाले. "पूर्वा. नऊ वर्षांची आहे, पण हात सफाईदार. आल्यापासून पोळ्या, बिस्किटं, काय मिळेल ते पळवून गादीखाली लपवते. दुपारी तुमच्या समितीची बैठक आहे ना? तिला कडक शिस्तीच्या संस्थेत हलवायचा प्रस्ताव तयार आहे. जाताना बरोबरच न्या."

ती कडक संस्था मला माहीत होती. तिथे शिस्त होती, समुपदेशक नव्हता. घरी उपाशी ठेवली गेलेली पूर्वा मेहजबीनच्या मदतीने नुकती कुठे रात्रभर झोपू लागली होती. आता हलवली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"कार्यक्रमाला वेळ आहे," मी म्हटलं. "तोवर चोर मी शोधते. पूर्वाच निघाली तर प्रस्ताव नेते."

"शोधा की. पुराव्याला तोटा नाही."

मी पेढ्यांच्या बॉक्सात डोकावले. अन्न लपवणारी मुलगी इथे येऊन नारळ घेऊन गेली होती. आणि पेढ्यांची एकही ओळ मोडलेली नव्हती.

२

वाट दाखवायला मिसबा आली. वय बारा, वेणी घट्ट, आवाज खणखणीत. आमच्यासारख्या पाहुण्यांना घर दाखवायचं काम तिचंच. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात गुणी, अशी रावसाहेबांनी ओळख करून दिली.

"आधी कोणाची चौकशी, मॅडम?" तिने विचारलं. "मी सांगू का? सुंदराबाईंची. त्यांचा मॅडमवर राग आहे."

सुंदराबाई स्वयंपाकघरात परातीएवढ्या कढईत शिरा परतत होत्या.

"नारळ? म्या कशाला नेऊ?" त्यांनी उलथन्याने कोपरा दाखवला. "त्यो बगा, नारळाचा ढीग हाय. चटणीला आनलेला."

"मेहजबीन मॅडमवर राग आहे म्हणे तुमचा."

"हाय. लपवायला नाय जमत मला." त्यांनी मिसबाकडे एक कटाक्ष टाकला. "त्या पूर्वाला उशाशी डबा ठेवायची मुभा दिली बाईंनी. म्हनं, डबा कदी रिकामा ऱ्हायचा नाय, कुनी हात लावायचा नाय, म्हंजे पोरीची भीती जाईल. आन मुंग्या कोन मारनार? मी. डबा भरनार कोन? मीच." एवढं बोलून त्यांनी वाटीभर शिरा वेगळा काढला. "ह्यो तिच्याच डब्याचा. गार व्हायला ठेवलाय."

पहारेकरी मच्छिंद्रच्या खोलीत मात्र खरंच एक नारळ सापडला. मिसबाने "बघा!" म्हणून टाळी वाजवली.

"नवसाचा आहे, ताई," मच्छिंद्रने नारळ छातीशी धरला. "मारुतीचा. शनिवारी फोडायचाय. सत्काराला नाही देणार, नोकरी गेली तरी."

नारळाची शेंडी धूळ खाऊन राखाडी झाली होती. हा माणूस कितीतरी शनिवार चालढकल करत होता. त्याची चौकशी मारुतीरायावर सोपवून मी पुढे निघाले.

शेवटी मेहजबीनची खेळखोली. व्हरांड्याला लागून, बाहुल्या, रंग, आणि मधोमध चार मुली बसतील एवढी मोठी लाकडी पेटी, काठोकाठ वाळूने भरलेली. मुलींना जे तोंडाने सांगता येत नाही ते त्या वाळूत मांडतात. घर, माणसं, साप, पोलीस. काही गोष्टी पुरून टाकतात. आज वाळूच्या मधोमध उंचवटा होता आणि त्याभोवती प्लॅस्टिकचे हत्ती, सिंह, जिराफ गोल उभे होते. सगळ्यांची तोंडं बाहेर.

मी हात पुढे केला तशी मिसबा झटकन मधे आली.

"इथे नाही शोधायचं, मॅडम. मुलीने पेटीत जे ठेवलं ते तिनेच काढायचं. मोठ्यांनी हात लावायचा नाही. मॅडमचं प्रॉमिस आहे. रावसाहेब सरांनीपण मान्य केलंय."

"फार चांगलं आहे," मी हात मागे घेतला. "तुझा इथे यायचा वार कोणता?"

"माझा नाहीये." ती हसली. "मी नॉर्मल आहे ना."

पूर्वा ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलेली होती. बारीक, मोठ्या डोळ्यांची. पाय जमिनीला टेकत नव्हते. मिसबाला मी परत पाठवलं आणि पूर्वाच्या शेजारी बसले.

"पेढे आवडतात तुला?"

"हो."

"मग त्या बॉक्समधला एकही का नाही घेतलास?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही कळत नाही.

"माझा डबा भरलेला आहे," ती म्हणाली.

कडक शिस्तीने जे कधीच झालं नसतं ते एका भरलेल्या डब्याने केलं होतं. मला इतका आनंद झाला की क्षणभर मी चोरी विसरले. पण रावसाहेब विसरले नव्हते. स्वयंपाकघरातून त्यांची हाक आली.

३

चहा तयार होता. सुंदराबाई, मच्छिंद्र, मेहजबीन, कपांचा ट्रे धरलेली मिसबा, सगळे तिथेच. रावसाहेबांनी बशीत चहा ओतला आणि निकाल दिला.

"कार्यक्रम थांबणार नाही. पाहुण्यांच्या ताटातली शाल नि श्रीफळ मेहजबीन मॅडमना देऊ. चालेल ना तुम्हाला?"

"मला काय," मी म्हटलं. "माझ्या घरी शाली इतक्या झाल्यात की आता थंडी पडायची वाट बघतेय."

मिसबाने कप वाटले आणि ट्रे ठेवून गेली. मच्छिंद्र फाटकावर गेला, सुंदराबाई मीठ आणायला कोठीत. मी मेहजबीनशी बोलत बसले. विशीतून नुकती तिशीत आलेली, हसरी. वडील शमशुद्दीन यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्यामुळे बंद पडलेल्या गोष्टीला घाई करायची नाही हे आपण लहानपणीच शिकलो, असं ती म्हणाली. बोलता बोलता मी विचारलं, "पेटीतले ते प्राणी कुणी मांडलेत?"

तिच्या कपाळाला आठी पडली. "आज? आज कुणाचंच सेशन नाही. काल संध्याकाळी मी वाळू सारखी करून ठेवली होती."

तेवढ्यात, चहा संपवून ऑफिसात गेलेल्या रावसाहेबांची आरोळी आली. आम्ही धावलो. लाल फितीचं ताट रिकामं होतं. पेढे तेवढेच.

"आता?" रावसाहेब बाकाकडे बोट दाखवत म्हणाले. "दाराबाहेर कोण बसलंय? आता काय म्हणता?"

मी पूर्वासमोर उकिडवी बसले. "आत कोण गेलं होतं, तू पाहिलंस ना?"

पूर्वा हळूच म्हणाली, "मी चुगली करत नाही."

४

विचार करायला मी जेवणघराच्या भिंतीशी खुर्ची ओढली. माझं ताट सकाळभर टेबलावर होतं. तोवर त्याला कुणी हात लावला नाही. ते मेहजबीनचं ठरलं आणि लगेच गेलं. म्हणजे चोराला नारळ नको होता. मेहजबीनला नारळ मिळायला नको होता. आणि बेत बदलल्याचं कळलं होतं स्वयंपाकघरातल्या माणसांना. बाकावरच्या पूर्वाला नाही.

"तुम्ही इथे का बसलात?" एक चिमुरडी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. पुढचे दात नव्हते. "ही गेलेल्यांची भिंत आहे."

मी मान वर केली. भिंतीवर ओळीने तीन फोटो होते. तिन्हींत एकेक समुपदेशक, खांद्यावर शाल, हातात श्रीफळ.

"आज मेहजबीन मॅडमचा लागणार ना?" चिमुरडीने विचारलं. "मिसबाताई म्हणाली, नाही लागणार. ती बघून घेणार आहे."

मी फोटोंजवळ गेले. मग रावसाहेबांना गाठलं.

"हे कार्यक्रम निरोपाचे होते का हो?"

"होते. पण निरोप म्हणायचं नाही असं इथे ठरलंय. मुली रडतात. म्हणून सत्कार म्हणायचं. शाल-श्रीफळ, गोड जेवण. दुसऱ्या दिवशी माणूस येत नाही. आठवड्याभरात विसरतात."

"विसरतात हे कशावरून?"

"कुणी विचारत नाही," रावसाहेब म्हणाले, आणि ते खरंच मनापासून बोलत होते. वाईट माणूस नव्हता तो. मुलींनी रडू नये एवढंच त्याला हवं होतं.

मी पुन्हा फोटोंकडे पाहिलं. माणसं बदलत होती, मागच्या मुली बदलत होत्या. एकच चेहरा तिन्ही फोटोंत होता. दरवेळी थोडा उंच, दरवेळी वेणी घट्ट, आणि दरवेळी हातात सत्काराचं ताट.

५

मिसबा खेळखोलीत होती, पेटीच्या काठावर बसलेली.

"सापडला का चोर, मॅडम?"

"सापडला. ऐक, कुठे चुकतंय का बघ." मी समोर बसले. "चोराला खायचं नव्हतं, पेढे तसेच आहेत. चोर स्वयंपाकघरात होता, म्हणून माझं ताट मेहजबीनचं झाल्याचं त्याला कळलं. शाल-श्रीफळ मिळालेलं माणूस परत येत नाही, हे त्याने पुन्हा पुन्हा पाहिलंय. पूर्वा शेवटच्या फोटोनंतर आली, तिने एकदाही पाहिलेलं नाही. आणि चोराने दोन्ही नारळ या घरातल्या अशा एका जागी ठेवलेत, जिथे मोठी माणसं दिलेला शब्द पाळतात. मी तिथे हात घालणार नाही."

मिसबाचा चेहरा हलला नाही. "मग सिद्ध कसं करणार?"

"नाही करणार. पण चोर सापडला नाही तर दुपारी पूर्वाला दुसरीकडे पाठवायचं ठरेल. दाराशी तीच बसली होती म्हणून."

तिचा रंग उडाला. "पण तिने काही नाही केलं! तिने मला आत जाताना बघितलं, मी बोट ओठांवर ठेवलं, तर ती..." पुढचं तिच्याच्याने बोलवेना.

"तिने सांगितलं नाही," मी म्हटलं. "कुणालाच नाही."

मिसबा काठावरून खाली उतरली. खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"सर म्हणतात सत्कार म्हणजे आनंदाची गोष्ट. दरवेळी ताट मीच धरते. पहिल्या मॅडम गेल्या, मग दुसऱ्या, मग ते आमोद सर. कुणीच सांगून गेलं नाही. मला वाटलं ताटात काही नसलं तर देताच येणार नाही. पूर्वाला आत्ता कुठे झोप लागायला लागलीय. माझ्या शेजारीच असते ती. मॅडम गेल्या तर तिचं काय?"

"आणि तुझं?"

"मला काय होतंय? मी..." तिला 'नॉर्मल' हा शब्द आठवला असावा, पण तो बाहेर येण्याआधी रडू आलं. बारा वर्षांची मुलगी नव्हे, पाच वर्षांची रडावी तशी ती रडली. सगळं घर तिला शहाणी म्हणत होतं, आणि शहाणीला कुणी वार दिलेला नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि रावसाहेबांचा आनंदाचा धक्का वाळूत पुरावासा वाटला.

मेहजबीन दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. ती येऊन जमिनीवरच बसली.

"मी जात नाहीये, मिसबा. मला कायम केलंय. आजचा सत्कार त्याचाच आहे."

"सगळे असंच म्हणतात."

"बरोबर. मग असं नको." मेहजबीन तिच्याजवळ सरकली. "मी जन्मभर इथेच असेन असं नाही सांगत. पण जायची वेळ आलीच तर आधी तुला सांगेन. तोंडावर. मग तू रड, भांड, काय करायचं ते कर. शाल त्यानंतर."

मिसबाने बाहीने नाक पुसलं. "पेटीचं प्रॉमिस?"

"पेटीचं. आणि गुरुवार तुझा. काही झालेलं असो की नसो."

मिसबा उठली. "पण सगळ्यांसमोर कशी परत करू? सर पूर्वासारखं मलापण पाठवतील."

ही अडचण खरी होती. आणि कार्यक्रमाची घंटा वाजली.

६

जेवणघर गच्च भरलं होतं. टेबलावर दोन रिकामी ताटं. रावसाहेब हातात प्रस्ताव घेऊन पहिल्या रांगेत.

मी माइक घेतला. "मुलींनो, मेहजबीन मॅडम इथेच राहणार आहेत. सरकारने कायम केलंय. ज्यांना वाटत होतं की मॅडम चालल्यात, त्यांचं चुकलं. पण चूक त्यांची नाही. आजवर आम्ही मोठ्यांनी निरोपाला सत्कार म्हटलं. आता निरोप असेल तर निरोपच म्हणू, आणि आधी सांगू."

त्यावर जो गलका झाला त्यात माइकची गरजच उरली नाही. पूर्वा टेबलावर चढून उड्या मारत होती आणि तिला कुणी खाली उतरवत नव्हतं.

"आता शाल-श्रीफळ," मी म्हटलं. "सगळ्या मोठ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं."

"म्हणजे?" रावसाहेब म्हणाले.

"म्हणजे पाठ फिरवायची, अहो. प्रमुख पाहुणी सांगतेय."

त्यांनी पाठ फिरवली. मच्छिंद्रने फिरवली, सुंदराबाईंनी उलथन्यासकट फिरवली. रावसाहेबांच्या नाकासमोर नेमके ते तीन फोटो आले. मागे पावलांची पळापळ, खुसखुस, दबलेलं हसू. कोण गेलं, कोण आलं, कळायला मार्ग नव्हता, कारण सगळ्याच मुली एकदम धावल्या होत्या.

रावसाहेब फोटो बघत होते. पहिला, दुसरा, तिसरा. मग पुन्हा पहिला.

"तेजस्विनीताई," ते अगदी हळू म्हणाले, "तिन्ही वेळा ताट मिसबाच्याच हातात दिलंय आम्ही."

"हो."

"कुणी विचारत नाही म्हणालो मी मघाशी." त्यांनी प्रस्तावाची घडी केली, तिची आणखी घडी केली आणि सफारीच्या खिशात कोंबली. नंतर ते चष्मा पुसत राहिले.

आम्ही वळलो तेव्हा दोन्ही ताटं भरलेली होती. नारळांवर वाळू, शालींवर वाळू. मेहजबीनने शाल पांघरली तशी वाळू सगळ्यांच्या डोक्यावर उडाली. ताट धरायला रावसाहेबांनी यावेळी कुणाला सांगितलं नाही, स्वतः धरलं. मेहजबीनचा नारळ तिथेच फोडला, सुंदराबाईंनी त्याचं खोबरं शिऱ्यावर किसलं, आणि पूर्वाचा डबा सगळ्यांत आधी भरला.

मग माझा सत्कार. माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि मुलींनी दणदणीत टाळ्या वाजवल्या. मी गेले तर त्यांची काही हरकत नव्हती, असं मला वाटलं.

दुपारच्या बैठकीत पूर्वाला हलवायचा विषयच निघाला नाही. संध्याकाळी कोथरूडला घरी पोचून पिशवी उघडली, तर शाल होती, पेढे होते, नारळ नव्हता. त्याच्या जागी थोडी वाळू आणि एक प्लॅस्टिकचा जिराफ. मिसबा की पूर्वा, हे मी तपासणार नाही.

मी रावसाहेबांना फोन लावला. "अहो, तुमच्याकडे पुन्हा चोरी झालीय. माझा नारळ."

"असेल पेटीत," रावसाहेब म्हणाले. "पण मी काढणार नाही. नियम आहे. तुम्हीच या आणि कुणाची परवानगी मिळते का बघा."

तेव्हापासून मी गुरुवारी कात्रजला जाते. परवानगी अजून मिळालेली नाही.